कर्करोगाच्या तीव्र वेदना आणि नर्व्ह ब्लॉक : हा प्रश्न डॉक्टरांना लवकर विचारावा

मुक्ता_नौपाडा

नमस्कार. ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे आणि त्याच्या वेदनांपुढे ज्यांना काय करावे ते सुचेनासे झाले आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. माझ्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग होता. निदान झाले तेव्हाच शस्त्रक्रिया शक्य नसल्याचे स्पष्ट झाले होते. पुढे केमोथेरपी चालू असताना पोटाच्या वरच्या भागातून निघून थेट पाठीत जाणारी जी कळ त्यांना येऊ लागली, ती गोळ्यांनी पुरती आटोक्यात येईना. तिच्यावर उपयोगी पडला तो सिलिअ‍ॅक प्लेक्सस ब्लॉक, म्हणजे वेदनेचा संदेश नेणारे मज्जातंतू सुईवाटे औषध सोडून निकामी करण्याचा उपचार. माझे म्हणणे एवढेच आहे की या उपचाराची चौकशी सगळे उपाय थकल्यावर करू नये. वेदना वाढू लागल्या आहेत हे लक्षात येताच ती करावी. रुग्ण खंगल्यावर हाच उपचार त्याला सोसणेही अवघड जाते.

स्वादुपिंडाच्या वेदनेत रुग्णाला उताणे झोपवत नाही. पुढे वाकून, पोटाशी उशी घट्ट धरून बसले की थोडे बरे वाटते, आणि बाबा कित्येक रात्री पलंगाच्या कडेला तसेच बसून काढत. गरम पाण्याची पिशवी ते इतका वेळ पोटावर धरून ठेवत की तेथील कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटले होते. पेन क्लिनिकमधील डॉक्टरांनी सदरा वर करून पोट पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो त्या डागांविषयी. शेक किती वेळ घेता, रात्री उठून घेता का, शेक घेतल्यावर किती वेळ बरे वाटते, असे विचारत विचारत त्यांनी वेदनेचा सगळा इतिहास काढून घेतला. तोपर्यंतच्या भेटींमध्ये सगळा वेळ स्कॅन आणि रक्ताचे रिपोर्ट पाहण्यात जात असे, त्यामुळे ते डाग कोणाच्या नजरेस पडलेच नव्हते.

औषधांविषयी आधी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली. आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग सौम्य अफूजन्य औषधे आणि मग मॉर्फिनसारखी प्रभावी औषधे असा तो क्रम आहे. बाबांचेही तसेच झाले. ट्रॅमाडॉल पुरेना, तेव्हा मॉर्फिन सुरू झाले आणि त्याने पहिले काही आठवडे चांगला आराम पडला. मात्र वेदना वाढत गेल्या तसा डोस वाढत गेला, आणि त्याबरोबर गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता वाढत गेली. दिवसभर ग्लानीत राहावे की शुद्धीत राहून कळा सोसाव्यात, अशा पेचात ते सापडले होते. ते स्वतः शिक्षक होते आणि नातवाला शेजारी बसवून त्याचा अभ्यास घेणे हा त्यांच्या उरलेल्या दिवसांतला मोठा आनंद होता. ग्लानीत तेवढेही जमेनासे झाले, याचे त्यांना वेदनेइतकेच दुःख होते.

जिथे केमोथेरपी चालू होती तिथे वेदनेचा विषय काढला की “डोस वाढवू या” एवढेच उत्तर मिळे. ब्लॉकचा उल्लेख तिथे कोणीही केला नाही. तो केला आमच्या नौपाड्यातल्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी. ते रक्तदाब पाहायला घरी आले होते. बाबांना तसे वाकून बसलेले पाहून त्यांनी विचारले, “पेन क्लिनिकला दाखवलेत का?” वेदनेसाठी वेगळी ओपीडी असते आणि तिथे बहुधा भूलशास्त्रातले तज्ज्ञ बसतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

आता प्रत्यक्ष उपचाराविषयी. जठर, स्वादुपिंड, यकृत, पित्ताशय अशा वरच्या पोटातल्या अवयवांकडून वेदनेचे संदेश वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे एक जाळे मुख्य रक्तवाहिनीच्या पुढच्या बाजूला, छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या पातळीवर असते. त्याला सिलिअ‍ॅक प्लेक्सस म्हणतात. सुई तिथवर नेऊन आधी बधिरीकरणाचे औषध आणि नंतर अल्कोहोल सोडतात. अल्कोहोलमुळे ते तंतू निकामी होतात आणि वेदनेचा संदेश पुढे जाणे थांबते. गाठ जिथल्या तिथेच राहते, हे आम्हाला आधीच स्पष्ट सांगितले होते.

बाबांना आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवले होते. सकाळी रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि प्लेटलेट्स पुन्हा पाहिल्या, आणि सलाईन बरेच आधी सुरू केले, कारण या ब्लॉकनंतर रक्तदाब उतरतो. क्ष-किरणांचे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या सी-आर्म यंत्राखाली पालथे झोपावे लागते, आणि आम्हाला खरी काळजी त्याचीच होती, कारण तसे झोपणे त्यांना महिनोन्महिने जमले नव्हते. पोटाखाली उशा देऊन आणि शिरेतून थोडे गुंगीचे औषध देऊन ते जमवले गेले. बाबा जागे होते. अल्कोहोल जाताना काही क्षण पोटात जाळ झाल्यासारखे वाटले, असे त्यांनी नंतर सांगितले. संध्याकाळी ते पाठ टेकून झोपले.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस जुलाब झाले आणि उठून उभे राहताना चक्कर येत असे. दोन्हींची पूर्वकल्पना असल्यामुळे आम्ही घाबरलो नाही. पलंगावर आधी पाय सोडून बसायचे, मग कोणाचा तरी हात धरून उठायचे, हा नियम पाळला. मॉर्फिन लगेच बंद केले नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून टप्प्याटप्प्याने कमी केले. ते पूर्ण सुटले नाही, पण इतके खाली आले की दिवसाची ग्लानी गेली. पुढे काही महिन्यांनी वेदना थोड्या परत आल्या, तरी पूर्वीच्या पातळीला शेवटपर्यंत गेल्या नाहीत.

ज्यांना यातले काही विचारायचे असेल त्यांनी जरूर विचारावे. वैद्यकीय बाबतीत जाणकारांनी दुरुस्ती केली तर आभारी राहीन.

भूलशास्त्र_वाशी

मुक्ताताई, आपण फार नेमके लिहिले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षे वेदनाचिकित्सा करतो. काही गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट, हा उपचार नवा किंवा प्रायोगिक नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच जर्मन शल्यचिकित्सक मॅक्स काप्पिस यांनी पाठीतून सुई घालून हे जाळे बधिर करण्याची रीत मांडली होती. त्यानंतर बदलले ते सुईला वाट दाखवणारे साधन. आज क्ष-किरण, सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीच्या साहाय्याने, तसेच एन्डोस्कोपीतून जठराच्या भिंतीपलीकडे सुई नेऊनही हा ब्लॉक देता येतो. ज्यांना पालथे झोपणे अशक्यच आहे, त्यांच्यासाठी पोटाच्या पुढच्या बाजूने जाण्याचा किंवा एन्डोस्कोपीचा मार्ग विचारात घेता येतो. त्यामुळे “आमच्या रुग्णाला पालथे झोपवत नाही” या कारणासाठी कोणी परत फिरू नये.

दुसरी गोष्ट परिणामाची. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात जुन्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती. त्यात सुमारे ७० ते ९० टक्के रुग्णांना दीर्घकाळ आराम मिळाल्याचे दिसले. त्याच विश्लेषणात जुलाब ४४ टक्क्यांना आणि रक्तदाब उतरणे ३८ टक्क्यांना झाल्याची नोंद आहे. दोन्ही त्रास बहुधा तात्पुरते असतात. पुढे २००४ मध्ये मेयो क्लिनिकचा १०० रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात ब्लॉक मिळालेल्यांच्या वेदना केवळ औषधे घेणाऱ्यांपेक्षा कमी राहिल्या, पण मॉर्फिनसारख्या औषधांचे प्रमाण आणि आयुर्मान यांत लक्षणीय फरक पडला नाही. म्हणून मी नातेवाइकांना सांगतो की ब्लॉक वेदनेसाठी करायचा असतो. त्याने आयुष्य वाढेल किंवा सगळी औषधे बंद होतील, अशी अपेक्षा बांधून येऊ नये.

तिसरी गोष्ट धोक्याची. संमतीपत्रावर पाय लुळे पडण्याचा उल्लेख असतो आणि तो वाचून पुष्कळ कुटुंबे माघारी जातात. मज्जारज्जूला रक्त पुरवणारी एक महत्त्वाची धमनी बहुधा डाव्या बाजूने त्याच पातळीच्या आसपास आत जाते. तिला इजा झाली किंवा ती आकसली तर असे होऊ शकते. हे अत्यंत विरळा घडते, आणि ते टाळण्यासाठीच अल्कोहोलच्या आधी रंगद्रव्य सोडून ते कुठे पसरते हे पडद्यावर पाहतात. धोका दुर्मीळ आहे म्हणून त्याविषयी बोलायचे नाही, असे मात्र होता कामा नये. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावून सांगितले पाहिजे, आणि त्यांनी सांगितले नाही तर नातेवाइकांनी विचारले पाहिजे.

रक्त पातळ करणारी औषधे, केमोथेरपीमुळे घटलेल्या प्लेटलेट्स, सुईच्या जागी संसर्ग, आतड्यांत अडथळा, यांपैकी काहीही असल्यास आम्ही थांबतो किंवा ब्लॉक करतच नाही. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी आपल्या मनाने बंद करून येऊ नये. ती किती दिवस आधी आणि कोणाच्या सल्ल्याने थांबवायची हे हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून ठरते.

आनंद_घोडबंदर

मला वेगळा अनुभव मांडायचा आहे, कारण एकच बाजू वाचून कोणाची निराशा होऊ नये. माझ्या आईलाही हाच आजार होता आणि तिलाही हाच ब्लॉक दिला गेला. पोटातली दुखरी ओढ थोडी कमी झाली, पण पाठीतली वेदना तशीच राहिली. कूस बदलताना किंवा खोकला आला की ती किंचाळत असे. नंतर दुसऱ्या ठिकाणी एमआरआय केला, तेव्हा आजार मणक्यात पोहोचल्याचे दिसले. ज्या रुग्णालयात ब्लॉक दिला तिथे पाठ नेमकी कधी आणि कशाने दुखते हे कोणी विचारले नव्हते. पुढे मणक्यावर रेडिएशन दिल्यावर तिला आराम पडला. माझा प्रश्न असा की हे आधी ओळखता आले असते का?

भूलशास्त्र_वाशी

आनंदराव, आपल्या आईंना झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते. बहुतेक वेळा हे ओळखता येते, आणि तेच आमच्या तपासणीचे मुख्य काम असते.

आतल्या अवयवांची वेदना खोल, नेमकी बोट ठेवता न येणारी, पिळवटल्यासारखी असते. हाडाची वेदना एका जागी बोट ठेवून दाखवता येते आणि हालचालीने, खोकल्याने वाढते. मज्जातंतूलाच इजा झाली असेल तर जळजळ, मुंग्या, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे अशी वर्णने रुग्ण करतात, आणि तिथे प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन अशा औषधांचा विचार होतो. सिलिअ‍ॅक ब्लॉक फक्त पहिल्या प्रकारावर काम करतो. एकाच रुग्णात तिन्ही प्रकार एकत्र असू शकतात, आणि स्वादुपिंडाच्या आजारात तर अवयवाची वेदनाही पाठीत जाणवते, म्हणून गोंधळ होतो. शंका असेल तेथे आम्ही आधी फक्त बधिरीकरणाचे औषध देऊन पाहतो. काही तासांसाठी का होईना वेदना उतरली, तर अल्कोहोलचा उपयोग होण्याची शक्यता वाढते.

हाडात पसरलेल्या आजाराच्या वेदनेसाठी रेडिएशन हा फार चांगला उपाय आहे, आणि पुष्कळ रुग्णांना ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) एकच डोस पुरतो. रुग्णाला रोज नेणे-आणणे ज्यांना झेपत नाही, त्यांनी “एकाच वेळेत देता येईल का?” असे रेडिएशनच्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

समीर_कोपरी

माझ्या काकांना तोंडाचा कर्करोग आहे. तंबाखूची सवय जुनी होती. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झाले, पण आजार जबड्यापाशी पुन्हा आला आहे. कानापासून हनुवटीपर्यंत अशी कळ येते की ते घास तोंडात घेऊन तसेच थांबतात, चावत नाहीत आणि गिळतही नाहीत. पोटाच्या आजारासाठी जसा ब्लॉक आहे तसा यासाठी काही असतो का? गोळी गिळणेही कठीण झाले आहे.

भूलशास्त्र_वाशी

समीर, असतो. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूला तीन फांद्या असतात. त्यांतली खालच्या जबड्याची फांदी कानापुढच्या भागातून सुई नेऊन बधिर करता येते. अल्कोहोलऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सीच्या उष्णतेनेही हे करतात. त्यानंतर जबड्याचा तो भाग बधिर राहतो आणि चावण्याचे स्नायू त्या बाजूला दुर्बल होऊ शकतात, हे काकांना आधी सांगायला हवे. घशाकडून कानात जाणारी कळ असेल तर ती वेगळ्या मज्जातंतूची असते, आणि तिथे ब्लॉक देताना गिळण्यावर परिणाम होण्याचा धोका जास्त असल्याने अधिक सावध राहावे लागते. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण इतके आहेत की हा ब्लॉक अधिक ठिकाणी सहज मिळायला हवा, असे मला फार वाटते.

गोळी गिळता येत नसेल तर औषध थांबवू नका. फेंटानिल या मॉर्फिनसारख्या प्रभावी औषधाचा पॅच त्वचेवर लावतात आणि तो साधारण ७२ तासांनी बदलतात. त्यावर शेक घेऊ नये, कारण उष्णतेने औषध एकदम जास्त शोषले जाते. अन्न देण्यासाठी नळी बसवली असेल तर मॉर्फिनची साधी गोळी पाण्यात विरघळवून तीतून देता येते, पण सावकाश औषध सोडणारी लांब पल्ल्याची गोळी कधीही कुटू नये.

शुभदा_ऐरोली

मी परिचारिका आहे आणि घरी जाऊन कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करते. ब्लॉकविषयी डॉक्टर सांगतच आहेत. मला मॉर्फिनविषयी लिहायचे आहे, कारण ब्लॉक मिळेपर्यंतचे दिवस त्याच्यावरच निभावायचे असतात आणि घरोघरी त्याची भीती मी रोज पाहते.

“मॉर्फिन सुरू केले म्हणजे आता संपले” असे नातेवाईक दाराबाहेर येऊन कुजबुजतात. मॉर्फिन वेदनेच्या प्रमाणात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले, तर त्याने मरण ओढवत नाही. उलट वेदना उतरल्यावर जेवणारे, अंगणात येऊन बसणारे रुग्ण मी पाहिले आहेत. साधी गोळी दर चार तासांनी द्यायची असते आणि ती घड्याळ पाहून द्यायची असते. “दुखले की देऊ” असे करत राहिले तर वेदना दर वेळी डोके वर काढते आणि मग तेवढ्याच गोळीने दबत नाही. मधेच कळ आली तर त्यासाठी जादा डोस लिहून दिलेला असतो. तो कितीदा लागला हे वहीत लिहून ठेवा, कारण पुढचा हिशोब त्यावरून होतो. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचेच असते. गुंगी आणि मळमळ बहुतेकांची काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही.

औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही म्हणून लोक हताश होतात. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर मॉर्फिन मिळणे देशभर अतिशय कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशा सहा औषधांना अत्यावश्यक ठरवले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवण्याची वाट सोपी करून दिली. या बदलामागे केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे केलेली खटपट आहे. म्हणून जिथे उपचार चालू आहेत तिथे आधी हेच विचारा की संस्थेकडे ही मान्यता आहे का, आणि नसेल तर जवळची कोणती संस्था ते देते. गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा आणि उरल्या तर संस्थेला परत करा. वापरलेला पॅच चिकट बाजू आत येईल असा दुमडून मगच टाकावा, कारण त्यात औषध शिल्लक असते आणि घरात लहान मूल असेल तर ते जिवावर बेतू शकते.

एक विनंती ब्लॉक झालेल्या रुग्णांच्या घरच्यांना. वेदना एकाएकी गेली आणि मॉर्फिनचा जुना डोस तसाच चालू राहिला, तर रुग्ण फार गुंगीत जाऊ शकतो, कारण वेदना त्या औषधाच्या परिणामाला जणू तोलून धरत असते. पहिले काही दिवस झोप किती आहे, हाक मारल्यावर डोळे उघडतात का, श्वास संथ तर झाला नाही ना, याकडे लक्ष ठेवा आणि डॉक्टरांना फोन करायला संकोचू नका. त्याचबरोबर गोळी एका दिवसात तोडूही नका, त्यानेही घाम, थरथर आणि अस्वस्थता येते.

वैदेही_खारघर

माझ्या मोठ्या बहिणीला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. आजार ओटीपोटात पसरला आहे. ओटीपोटात सतत जडपणा आणि कळा, शिवाय बसल्यावर माकडहाडापाशी आग होते. दोन मिनिटेही खुर्चीत बसवत नाही. अशा वेदनेसाठीही असा ब्लॉक असतो का, आणि त्याने लघवीवरचा ताबा जातो का? तिला सगळ्यात जास्त भीती त्याची आहे.

भूलशास्त्र_वाशी

वैदेहीताई, ओटीपोटातल्या अवयवांसाठी सुपीरिअर हायपोगॅस्ट्रिक प्लेक्सस नावाचे जाळे आहे. ते कमरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड यांच्या सांध्यापुढे असते. गर्भाशय, मूत्राशय, प्रोस्टेट, गुदाशय यांच्या कर्करोगाच्या वेदनेसाठी तिथे ब्लॉक देतात. आपण बसल्यावर होणारी जी आग लिहिली आहे, तिच्यासाठी त्याच्या खाली, माकडहाडापुढे असलेल्या गँग्लिऑन इम्पार या मज्जातंतूंच्या एकाच गाठीचा ब्लॉक असतो, आणि तो तुलनेने सोपा व थोड्या वेळात होणारा आहे. हे दोन्ही ब्लॉक १९९० च्या सुमारास मेक्सिकोचे डॉ. रिकार्डो प्लांकार्ते यांनी मांडले आणि या ब्लॉकमुळे ओटीपोटाच्या कर्करोगाच्या रुग्णांचे पुष्कळ भले झाले आहे.

लघवीवरचा ताबा जाण्याची भीती या दोन ब्लॉकमध्ये फार कमी असते. ती जास्त असते ती मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात फिनॉल हे मज्जातंतू निकामी करणारे औषध सोडण्याच्या उपचारात, आणि म्हणूनच तो बहुतेक वेळा ज्यांना आधीच लघवीची नळी किंवा शौचाची पिशवी बसवलेली आहे अशांसाठी राखून ठेवतात. बहिणीच्या भीतीचा उल्लेख डॉक्टरांपुढे तिच्याच तोंडून होऊ द्या, कारण कोणता उपचार निवडायचा हे अशाच गोष्टींवरून ठरते.

ब्लॉकने भागत नाही अशा काही रुग्णांना पाठीच्या कण्यात बारीक नळी बसवून मॉर्फिन थेट तिथे सोडतात. तोंडाने ३०० मिलिग्रॅम घेऊन जो परिणाम होतो, त्यासाठी तिथे साधारण १ मिलिग्रॅम पुरते, म्हणून गुंगी कमी राहते. मात्र नळीची निगा, संसर्गाचा धोका आणि खर्च हे सगळे आधी तोलावे लागते.

मुक्ता_नौपाडा

वैदेही, खारघरलाच टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे. बहिणीची फाइल टाटाची असेल तर परळला जाण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारून पाहा की वेदनेसाठी आणि पॅलिएटिव्ह केअरसाठी (रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेसाठी) कोणत्या ओपीडीत नाव नोंदवायचे. ठाण्याहून नेताना आम्ही ट्रेनचा विचार सोडून दिला होता. पायऱ्या आणि गर्दी रुग्णाला सोसवत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याने गाडीने नेताना पुढची सीट पूर्ण मागे ढकलून बाबांना मधोमध उशीवर वाकून बसता येईल अशी जागा केली होती, आणि जादा डोसची गोळी निघण्याआधी अर्धा तास देत होतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर त्या एका गोळीने फार फरक पडला.

खर्चाविषयी एकाने मला वेगळे विचारले होते. आकडा लिहीत नाही, कारण तो संस्थेप्रमाणे आणि सीटी लागणार की सी-आर्म यावरून खूप बदलतो. एवढे मात्र आधी विचारून घ्या की सांगितलेल्या रकमेत यंत्राचे भाडे, औषधे, दिवसभराची खाट आणि गरज पडल्यास रात्रीचा मुक्काम धरला आहे का. विमा असेल तर डे-केअर उपचार म्हणून पूर्वमंजुरी मिळते का हे लेखी विचारावे. आम्हाला फोनवर एक उत्तर मिळाले आणि कागदावर दुसरे.

समीर_कोपरी

भूलशास्त्र_वाशी आणि शुभदाताई, मनापासून आभार. काकांसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली आहे. सोबत काय घेऊन जावे? आणि ते आता जवळजवळ अंथरुणालाच खिळले आहेत, तर उशीर झाला असे तर नाही ना?

भूलशास्त्र_वाशी

अंथरुणाला खिळले आहेत एवढ्यावरून उशीर झाला असे मी म्हणणार नाही. जबड्याच्या ब्लॉकसाठी शरीरावर फारसा ताण येत नाही आणि उताणे झोपूनच तो देता येतो. प्रश्न असतो तो आजार सुईच्या वाटेत पसरला आहे का याचा, आणि ते अलीकडच्या स्कॅनवरूनच कळते. म्हणून स्कॅनचा रिपोर्ट तर न्याच, सीडीही न्या. नुसत्या कागदावरून सुईची वाट ठरवता येत नाही. रेडिएशन कोणत्या भागाला किती दिले तो कागद, अलीकडची प्लेटलेट्सची आणि रक्त गोठण्याची तपासणी, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे न्या. आयुर्वेदिक किंवा अन्य काही चालू असेल तर तेही लपवू नका. शुभदाताईंनी सांगितलेली वही असेल तर उत्तमच. नसेल तर आजपासून प्रत्येक कळ किती वाजता आली आणि शून्य ते दहात काका तिला किती गुण देतात, एवढे लिहायला लागा. आकडा काकांनीच सांगायचा. त्यांना बोलणे जड जात असेल तर बोटांनी दाखवू द्या.